उतायला जागा

इंग्लंडात घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात प्लमचं झाड आयतंच मिळालं. ऑगस्ट सरता सरता ते असं लगडतं, की माझ्या हातात पिशवी दिसली की शेजारी दारं लावून घेतात. जॅम झाला, मुरांबा झाला, शेवटी वाइन करायचं ठरलं. इथे स्वतःपुरती वाइन घरी करायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो, म्हणून पुण्याच्या मामेभावाला मी फक्त फोटो पाठवतो.

कृती सोपी : फळं, साखर, पाणी, यीस्ट. घोडं अडलं ते भांड्यापाशी.

आई तेव्हा आमच्याकडे आली होती. वाइनशी तिला देणंघेणं नव्हतं; पण काही आंबवायचं, मुरवायचं म्हटलं की तिला गप्प बसवत नाही. मी शोभेचं पितळी पातेलं काढलं. "कल्हई उडालीय. आंबट घातलंस की कळकेल." पातेलं परत शोभेला गेलं. अॅल्युमिनियमचंही तेच, आंबटाला ते टिकत नाही. मग लोणच्याची प्लास्टिकची बरणी धुऊन आणली. तिने ती नुसती माझ्या नाकाशी धरली. दहा वर्षांची मोहरी आणि हिंग अजून आत नांदत होते.

शेवटी जुन्या वस्तूंच्या दुकानातून काचेचा डेमीजॉन आणला. फुगीर पोट, आखूड मान, एक गॅलन म्हणजे साडेचार लिटर मावेल असा. तोंडाला रबरी बूच आणि त्यात एअरलॉक. या वळणदार नळीत थोडं पाणी असतं. आतला वायू बुडबुडत बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही. मी डेमीजॉन फळांसकट गळ्यापर्यंत भरला आणि झोपलो. तिसऱ्या रात्री फळांच्या सालींनी नळी बुजली, बूच उडालं आणि स्वयंपाकघराचं छत जांभळं झालं. एक किलो साखर पुरती आंबली की अडीचशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे मी छत पुसून झाल्यावर वाचलं.

"दूध तापवताना पातेलं काठोकाठ भरतोस का?" आईने विचारलं. "जे उतणार, त्याला उतायला जागा ठेवायची."

मग खाद्यपदार्थांसाठीची दहा लिटरची पांढरी बादली आणली. आईने तिला लोणच्याच्या बरणीसारखा स्वच्छ फडक्याचा दादरा बांधला. वायूला वाट मोकळी, चिलटांना मज्जाव. फळं वर तरंगून येतात, ती दिवसातून दोनदा खाली दाबावी लागतात. डेमीजॉनच्या चिंचोळ्या तोंडातून हे कसं जमणार? बादली घासायला मात्र काथ्या नको. प्लास्टिकवर ओरखडे पडले की जंतूंना कायमचं बिऱ्हाड मिळतं.

पाच-सहा दिवसांनी फेस ओसरला, की गाळून डेमीजॉनमध्ये. आणि आता तो गळ्यापर्यंतच भरायचा. कारण वाइनचा व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, आणि रिकाम्या जागेत हवाच असते.

"म्हणजे आधी मोकळं सोडायचं," आई म्हणाली, "आणि जरा निवलं की लग्न लावून द्यायचं." माझ्याकडे बघून म्हणाली, हे सांगायला नकोच.

छतावरून वाचलेली पहिल्या खेपेची दोनेक लिटर वाइन मी त्याच डेमीजॉनमध्ये अर्धवट ठेवली होती. तिचा व्हिनेगर झाला. आईने तो काकडीच्या कोशिंबिरीत वापरला आणि कोशिंबीर मात्र झकास झाली.

तेव्हा, कुठल्या देशात बसून करणार ते आधी बघा. मग पहिलं भांडं ऐसपैस घ्या, दुसरं नेमक्या मापाचं. आणि लोणच्याची बरणी लोणच्यालाच राहू द्या.