गालावरचं बिदरी काम

आमच्या भागातलं ऊन सरकारनंही मान्य केलेलं आहे. एप्रिल-मे महिन्यांत कलबुर्गी विभागातल्या सरकारी कचेऱ्या सकाळी 8 ला उघडतात आणि दुपारी दीडला बंद होतात. अख्खं महसूल खातं उन्हापुढे हात टेकून घरी ताक प्यायला जातं. मी मात्र बँकेत, आणि दिल्लीहून बिदरचं ऊन दिसत नाही. त्यामुळे दीडनंतर गावात फक्त दोन गोष्टी हलताना दिसतात: रस्त्यावरचं मृगजळ आणि पीककर्जाच्या पाहणीला निघालेली माझी स्कूटर.

या नोकरीत मला बढतीच्या आधी वांग मिळालं. दोन्ही गालांवर, डावीकडे जेवढं तेवढंच उजवीकडे. जमा-खर्च जुळलेला, बँकेच्या माणसाला शोभेल असा.

बिदरमध्ये आजार एकाच भाषेत होतो, सल्ला मात्र तीन भाषांत मिळतो. भाजीवाली वांगी तोलता तोलता म्हणाली, "अक्का, मुखक्क बंगू बंदद नोड्री." कापड दुकानातल्या चाचांनी मीटरपट्टी खाली ठेवून विचारलं, "क्या अम्मा, झाइयाँ आगये की?" आणि औरादचा एक कर्जदार समोर बसून हळहळला, "म्याडम, लई काळं पडू लालंय की ओ गालावर!" त्याचा हप्ता थकलेला होता. माझ्या चेहऱ्याची त्याला इतकी काळजी, की हप्त्याचा विषय काढायला मलाच लाज वाटली.

सासूबाईंनी सहाण काढली. दुधात उगाळलेलं जायफळ गालावर लावलं की अंगाला बासुंदीचा वास येतो आणि गालाची आग होते. सावळ्या कातडीचा एक हट्ट आहे: तिला भाजलं, खाजलं, सोललं, पुटकुळी आली, काहीही झालं तरी ती त्या जागी काळा शिक्का मारून ठेवते. म्हणजे डाग घालवायला जे झोंबेल ते लावावं, तर झोंबल्याचा वेगळा डाग. शेजारच्या काकूंनी लिंबू चोळलं आणि तशाच गच्चीवर कुरडयांच्या राखणीला बसल्या. लिंबाच्या रसात अशी द्रव्यं असतात की ऊन लागताच ती कातडी भाजून काढतात. वांग होतं तिथंच राहिलं. वर हनुवटीपर्यंत तपकिरी ओघळ आले.

आमच्या जाऊबाईंचा घरगुती उपायांवर विश्वास नाही. त्यांचा विश्वास औषधाच्या दुकानातल्या पोऱ्यावर. जाऊबाई नावांच्या बाबतीत जुन्या वळणाच्या आहेत. गुलबर्ग्याचं कलबुर्गी 2014 साली झालं, त्या अजून गुलबर्ग्यालाच जातात. 'फेअर अँड लव्हली'नं 2020 साली नाव बदललं, त्या अजून तीच मागतात. एकदा पोऱ्यानं तिच्याऐवजी दुसरीच एक बारकी ट्यूब दिली. आठवडाभरात चेहरा असा उजळला की भिशीतल्या सगळ्या बायकांनी ट्यूबचं नाव लिहून घेतलं. त्यात स्टेरॉइड होतं. पुढं गालावर लाल शिरा दिसायला लागल्या, पुटकुळ्या आल्या, हनुवटीवर लव आली, आणि ट्यूब बंद केली की तोंड भट्टीसारखं तापायचं. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम 2018 सालीच झाला आहे. पण 'अक्का, ओळखीतलंच आहे की' या वाक्यापुढे आमच्याकडे कुठलाच नियम टिकत नाही.

आयुर्वेदात याला व्यंग म्हणतात. सुश्रुतानं त्याची जी कारणं दिली आहेत ती वाचल्यावर मला त्या माणसाविषयी फार आदर वाटला. राग आणि श्रम यांनी वायू खवळतो, तो पित्ताला बरोबर घेऊन तोंडावर येतो आणि तिथं सावळा डाग उमटवतो. मी हे वाक्य घरात सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. "आपल्या घरात राग आणि श्रम कुणामुळे होतात, ते सुश्रुतानं लिहिलेलं नाही," असं हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, आणि थोडा वायू तिथंच खवळला.

शेवटी कातडीच्या डॉक्टरांसाठी कलबुर्गी गाठली. 2017 साली सुरू झालेल्या रेल्वेनं गेलो. मी हौसेनं खिडकीजवळची जागा धरली. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "खिडकीत बसला होता का?" काच लावली तरी उन्हातले अतिनील-अ किरण आत येतात, हे त्यांनी सांगितल्यापासून हे मोठ्या त्यागाच्या भावनेनं खिडकीत बसतात.

बाईंनी समजावलं ते असं. कातडीत मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी गोऱ्यांना कमी, काळ्यांना जास्त असं काही नसतं. संख्या जवळपास सारखीच. फरक पडतो तो माल किती निघतो आणि कसा वाटला जातो यात. उन्हाची चाहूल लागली की या पेशी रंगाचे कण शेजारच्या पेशींना देतात, आणि ते कण प्रत्येकीच्या केंद्रकावर छत्री धरल्यासारखे गोळा होतात. म्हणजे आतल्या गुणसूत्रांना ऊन लागू नये म्हणून ही सगळी धडपड. वांग म्हणजे ऊन सरलं तरी छत्री न मिटणं. त्याला गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, आईकडून आलेला वारसा आणि चुलीची धग, असं काहीही निमित्त पुरतं. "पुरुषांना होतं का?" यांनी विचारलं. "होतं की! पण त्यांना कुणी सांगत नाही," बाई म्हणाल्या. यांनी खिशातला कंगवा काढून त्याच्या मागच्या आरशात पाहिलं.

रात्री लावायचं मलम लिहून दिलं. त्यावरचं एक नाव वाचून मी दचकले: हायड्रोक्विनोन. हे तर आमच्या माहेरचं माणूस! भालकीला वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्या अंधाऱ्या खोलीत डेव्हलपर कालवायचा तो याच हायड्रोक्विनोनचा. कागदावर चांदीचा काळा रंग उमटवायचं काम तो करायचा. निम्म्या तालुक्याची लग्नं त्यानं काळी-पांढरी केली. तोच आता गालावर काळा रंग बनवणाऱ्या एन्झाइमचे पाय ओढणार होता. उतारवयात माणसानं पक्ष बदलावा तसं. पण त्याचा स्वभाव वडील सांगत तसाच निघाला. डबा उघडा राहिला की तपकिरी पडतो, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपलीकडे वर्षानुवर्षं चोपडत राहिलं तर कातडीवर निळसर काळा रंग चढवतो. म्हणून काही आठवडे लावायचं आणि थांबायचं. रक्तस्राव थांबवणारी ट्रानेक्सामिक अ‍ॅसिडची गोळीही वांगावर चालते. ती मात्र रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास विचारल्याशिवाय देत नाहीत, त्यामुळे भिशीत वाटून खायची नाही, एवढं त्यांनी दोनदा बजावलं. बिदरच्या भिशीची कीर्ती कलबुर्गीपर्यंत गेलेली दिसते.

"आणि हे सगळं सनस्क्रीन नसेल तर पाण्यात," बाई म्हणाल्या. दोन बोटं भरून घ्यायचं, दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं. दोन बोटं! यांनी ट्यूबची किंमत, बोटांची लांबी आणि दिवसाचे तास यांचा तोंडी हिशेब केला आणि विचारलं, "छत्री घेतली तर नाही चालणार?"

त्यातही पांढरं नाही, मातकट रंगाचं सनस्क्रीन. सावळ्या कातडीवर नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही वांग गडद होतं, आणि तो उजेड अडवायला मलमात आयर्न ऑक्साइड घालतात. म्हणजे गेरू. बिदरचं अख्खं पठार जांभ्या दगडाचं, इथली माती लाल ती याच लोखंडाच्या ऑक्साइडनं. पावसाळ्यात जे परकराच्या काठावरून निघत नाही म्हणून मी जन्मभर कटकट केली, तेच आता पैसे मोजून तोंडाला लावते. हे म्हणाले, "किल्ल्याखाली फुकट मिळतंय की." त्यांना मातीतले खडे आणि जंतू समजावून सांगण्यात पुन्हा राग आणि श्रम झाले.

मग येळवस आली. वेळ अमावस्येला आमच्याकडे घरात बसणं म्हणजे पाप. सगळं गणगोत शिवारात, कडब्याची कोप, पाच पांडव, भज्जी, उंडे, आंबील, आणि दिवसभर ऊन. थंडीतलं ऊन गोड लागतं, म्हणून ते काही करत नाही असा समज आहे. मी पदर, टोपी आणि मातकट तोंड घेऊन ज्वारीत उभी, तर पलीकडच्या धुऱ्यावरून कुणीतरी विचारलं, "बुजगावणं नवीन आणलाव का ओ?"

पंगतीत चुलत दीर शेजारी बसले होते. त्यांची मान मखमलीसारखी जाड आणि काळी. ती मळानं काळी आहे अशा समजुतीनं ते रोज वजरीनं घासतात, आणि घासल्यानं ती आणखी काळी होते. मी घास हातात तसाच धरून म्हटलं, "भावजी, मान घासू नका, रक्तातली साखर तपासा." कारण मानेवरच्या अशा काळेपणाचं मूळ पुष्कळदा इन्सुलिनच्या गडबडीत असतं. भावजींनी तिळाची पोळी उचलली, तिच्यावर तुपाची धार धरली आणि शांतपणे म्हणाले, "वैनी, आता तुमी बी सांगू लालाव का?"

माझं वांग पुसट झालंय. पूर्ण जाणार नाही, गेलं तरी उन्हाळ्यात परत येईल, असं डॉक्टरीणबाई बोलल्या आहेत. निलंग्याच्या मावशींना मात्र हे पटत नाही. लग्नकार्यात भेटल्या की हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवतात आणि नवीन उपाय सांगतात. मागच्या वेळी हनुवटी न धरताच मला कोपऱ्यात घेऊन गेल्या. पिशवीतून त्यांनी बिदरी फुलदाणी काढली, आम्हीच आहेरात दिलेली.

बिदरीचं काम म्हणजे जस्तात थोडं तांबं घालून ओतीव भांडं करायचं, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवायची, आणि मग किल्ल्यातली जुनी माती नवसागरात कालवून तापल्या भांड्याला चोळायची. चांदी पांढरीच राहते, बाकीचं सगळं काळंभोर. त्या काळ्यासाठी बिदरला 2006 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ही कला जपणाऱ्या शाह रशीद अहमद कादरींना 2023 साली पद्मश्री.

"काळं उतरू लालंय बघ की गं याचं," मावशी काकुळतीला आल्या होत्या. "पहिल्यासारखं ऱ्हायलं नाही. काय लावावं?"

"खोबरेल तेलाचा हात फिरवा आणि मऊ फडक्यानं पुसा. घासू नका. लिंबू तर अजिबात नको."

"लिंबानं काय होतंय?"

"उजळेल."

मावशींनी फुलदाणी पटकन पदराखाली घेतली.