डिकीतली इंद्रायणी

अमेरिकी कंपन्यांच्या नियमपुस्तकात ‘परदेशी सरकारी अधिकारी’ असा शब्द असतो. वाचणाऱ्याला वाटतं, कुणी राजदूत असेल. प्रत्यक्षात तो आपला तलाठी असतो, सर्कल असतो, नायब तहसीलदार असतो. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात नाव असलेल्या कंपनीला नसरापूर-कापूरहोळच्या पट्ट्यात गोदाम बांधायचं झालं, तर १९७७चा अमेरिकी लाचविरोधी कायदा तिच्या मागोमाग भोरच्या कचेरीपर्यंत येतो. जेवण किती रुपयांपर्यंत, भेट किती रुपयांची, परवानगी कुणाची, नोंद कुठे, सगळं त्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

किमतीची मर्यादा असावीच. पण मला त्याआधी एकच प्रश्न विचारायचा आहे: देणाऱ्याची फाईल घेणाऱ्याच्या टेबलावर आहे का?

वेल्ह्यात कुणाच्या ओसरीवर बसलात तर चहा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत. भात निघाला की पायलीभर इंद्रायणी पिशवीत बांधून देतात. त्याला लाच म्हणणारा करंटा. पण तीच इंद्रायणी कट्ट्याने साहेबांच्या डिकीत चढते, पानशेतच्या पाण्याकाठी शनिवार-रविवारची सोय होते, गावरान कोंबडी शिजते आणि सोमवारी बिनशेतीचा कागद पुढे सरकतो, तेव्हा त्याला पाहुणचार म्हणू नका. आमच्या आयाबायांच्या हातच्या भाकरीचा तो अपमान आहे. महाराष्ट्राचे १९७९चे नागरी सेवा वर्तणूक नियमही सहज घडलेल्या जेवणाला भेट मानत नाहीत. कामाचा संबंध असलेल्यांचा बडेजावाचा, वरचेवरचा पाहुणचार मात्र टाळायला सांगतात.

त्याच सोमवारी हिर्डस मावळातली एक बाई पहाटेच्या एसटीने भोरला आलेली असते. वारसनोंद करायची आहे. प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, घडी पडून फाटायला आलेला सातबारा, आधारची झेरॉक्स. तिला उत्तर मिळतं, “साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या आठवड्यात या.” डिकीतल्या कट्ट्याची खरी किंमत ती भरते, बुडालेल्या रोजाने.

अमेरिका हे निस्तरेल, अशी आशा कुणी धरू नये. फेब्रुवारी २०१९मध्ये तिथल्या रोखे आयोगाने कॉग्निझंट कंपनीविरुद्ध आदेश काढला. चेन्नईतल्या इमारतीच्या परवानगीसाठी २० लाख डॉलर आणि पुण्यातल्या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीसाठी सुमारे ७ लाख ७० हजार डॉलर कंत्राटदारामार्फत देण्याचा व्यवहार झाला, असं त्यात म्हटलं आहे. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, नाकारलेही नाहीत. सुमारे अडीच कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. ती रक्कम अमेरिकेत जमा झाली. पुण्याच्या हवापाण्याच्या वाट्याला छदामही आला नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये तर ट्रम्प यांनी या कायद्याखालची नवी कारवाईच काही महिने थांबवायला लावली.

भोरला ही शिस्त बाहेरून शिकायची गरजच काय? भोर संस्थान पंतसचिवांचं. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतल्या सचिवाने राजपत्रं तपासायची, अक्षर कमीजास्त असेल ते शुद्ध करायचं, महाल-परगण्यांचे हिशेब पाहायचे. हिशेब तपासणाऱ्याच्या पदातून उभं राहिलेलं हे संस्थान! नजराणा कसा घ्यावा, तेही त्याच राज्यात दिसतं. १६७४मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर आला, तेव्हा नजराण्याची हिऱ्याची अंगठी दुभाषा नारायण शेणवी याने भर दरबारात वर धरून दाखवली. कंपनीला व्यापाराच्या सवलती मिळाल्या, पण तिचं नाणं स्वराज्यात चालवण्याचं कलम महाराजांनी मान्य केलं नाही. नजराणा सगळ्यांदेखत आला आणि राज्याचा निर्णय राज्याचाच राहिला.

आपल्याकडे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो, त्याची कंपनीसुद्धा. द्यायला भाग पाडलं गेलं असेल आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर देणाऱ्याला शिक्षा होत नाही. भोर-वेल्ह्यातल्या माझ्या वाचकांनो, मागणी झाली तर देण्याआधीच कळवा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.