हेड, टेल आणि लिओनी

आमच्या अण्णांची सगळी नोकरी नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी म्हणून गेली. वीर धरणातून सुटलेलं पाणी बारामती ओलांडून इंदापूरच्या टेलला पोचेस्तोवर किती उरतं, हे ज्यानं जन्मभर पाहिलं, त्याला माणसाच्या भलेपणाविषयी फारशा कल्पना उरत नाहीत. निवृत्तीनंतर नातवानं टीव्हीवर सर्जिओ लिओनीचे सिनेमे लावून दिले आणि अण्णांना आपलं माणूस भेटलं. भाषा आडवी आली नाही. ‘बांधावर समोरासमोर आल्यावं बोलतंय कोण?’ असा त्यांचा सवाल आहे.

‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) कुरोसावाच्या ‘योजिम्बो’वरून न विचारता उचलला आणि जपानी कंपनीला भरपाई द्यावी लागली, हे मी सांगितलं. अण्णांना नवल वाटलं नाही. ‘दुसऱ्याच्या चारीत सायफन टाकला की पंचनामा व्हणारच!’

‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मध्ये एकाला कबरस्तान ठाऊक, दुसऱ्याला कबर, सोनं दोघं मिळूनच सापडणार. ‘म्हंजी सातबारा थोरल्याकडं आन् नकाशा धाकल्याकडं.’ त्यातला पूल कॅमेरे सुरू व्हायच्या आधीच चुकून उडवला गेला आणि स्पेनच्या सैनिकांनी तो पुन्हा बांधून दिला. गोळीबार अण्णांना पटतो. हे पटत नाही. ‘एस्टिमेट न करता? टेंडर न काढता? ऱ्हाऊ द्या मास्तर.’

मात्र ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) लागला की अण्णा टोपी काढून मांडीवर ठेवतात. सुरुवातीला तीन बंदूकवाले स्टेशनात गाडीची वाट बघत बसलेत. एकाच्या टोपीवर वरून थेंब थेंब पाणी गळतंय. तो हलत नाही, टोपीत साठलेलं पाणी शेवटी पिऊन टाकतो. हा प्रसंग अण्णांनी नातवाला इतक्या वेळा मागं घ्यायला लावलाय, की रिमोटचं बटण बसलं. ‘थेंबसुदीक वाया घालवला नाय. आन् आपल्याकडं? ऊस पाण्यात हुबा!’

पुढं मॅकबेन नावाचा माणूस ओसाड जमीन घेऊन बसतो, कारण रेल्वे तिथूनच जाणार आणि इंजिनाला पाणी लागणार. आसपास पाणी फक्त त्याच्याच विहिरीला. त्यासाठी त्याला मुलांसकट मारलं जातं. समीक्षक यात पुराणकथा शोधतात. अण्णांनी पहिल्या अर्ध्या तासात निकाल दिला: ‘भूसंपादनाची केस हाय.’ मला वाटतं, इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही. शेवटी मॅकबेनची विधवा जिल रुळांवरच्या मजुरांना स्वतः पाणी पाजते, तेव्हा अण्णा ‘पाळी सुटली’ म्हणून चहा मागवतात. मॅकबेनला मारणाऱ्या हेन्री फोंडाच्या निळ्या डोळ्यांवर त्यांचा राग आहे. असल्या डोळ्यांचा एक वजनदार बागायतदार त्यांना रात्री कालव्याचं दार उचलायला सांगायचा म्हणे.

‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’ (१९८४) तेवढा त्यांनी अजून पाहिलेला नाही. २२९ मिनिटांचा तो सिनेमा अमेरिकेतल्या वितरकानं १३९ मिनिटांवर आणला होता, हे ऐकल्यावर त्यांनी बोटांवर हिशेब केला.

‘हेडला पावणेचार तास सोडलं, टेलला सव्वादोन पोचलं. दीड तास वाटंत कुणी मुरवला, त्याची आधी चौकशी लावा. मंग बघू सिनेमा.’