षट्कोनी काका

कोथिंबीर महागली की साधा माणूस भाजीवाल्याशी भांडतो. षट्कोनी काका योहान फॉन थ्यूनेनचा हवाला देतात. हा थ्यूनेन जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गातला जमीनदार. शहराभोवती शेतीची वर्तुळं कशी पडतात, हे त्याने 1826 साली लिहून ठेवलं : अगदी लगत दूध आणि भाजीपाला, मग सरपणाचं जंगल, मग धान्य आणि सगळ्यात बाहेर गुरं. नासणारा माल लांबून आणता येत नाही आणि जड माल परवडत नाही, म्हणून. जयपूरच्या मानसरोवर वस्तीतल्या हातगाडीसमोर उभं राहून काका हे सगळं हिंदीत समजावतात. पहिलं वर्तुळ बिल्डरांनी खाल्लं, सबब कोथिंबीर लांबून मुहाना मंडीत येते आणि वाटेतच तिचा भाव चढतो, हा त्यांचा निष्कर्ष. दुसऱ्या वर्तुळातलं जंगल मात्र जयपुरात झालाण्याला शाबूत आहे. त्यात सरपणाऐवजी बिबटे आहेत, पण तेवढं थ्यूनेनला माफ.

भाजीवाला पालकावर पाणी शिंपडत सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, "बाऊजी, लेना है या पढ़ाना है?"

काका मूळचे अमरावतीचे. तिथल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि मुलाच्या नोकरीमागे जयपुरात आले. विषय प्रादेशिक विकास, आणि माणूस वऱ्हाडातला, म्हणजे विषय अंगात मुरलेलाच. आमच्याकडे पोराला दात येण्याआधी 'अनुशेष' हा शब्द येतो, असं ते अभिमानाने सांगतात. दांडेकर समितीने 1984 साली महाराष्ट्राच्या असमतोलाचा जो हिशेब मांडला, तो त्यांना तोंडपाठ आहे. घरातही तोच हिशेब चालतो. दिवाणखान्यात दोन पंखे, स्वयंपाकघरात एकही नाही, हा अनुशेष त्यांनी कित्येकदा नोंदवला आहे. पंखा शेवटी काकूंनी बसवून घेतला.

षट्कोनी हे नाव इथल्या मराठी मंडळातल्या पोरांनी ठेवलं. समोर कोणताही कागद आला, नकाशा असो की लग्नपत्रिका, काका त्यावर षट्कोन काढतात. दोष वाल्टर क्रिस्टालरचा. दक्षिण जर्मनीतली गावं पाहून त्याने 1933 साली सिद्धांत मांडला, की बाजारगावांची क्षेत्रं षट्कोनी असावीत, कारण वर्तुळं शेजारीशेजारी ठेवली तर मध्ये फटी राहतात. मीठ-काडेपेटी गल्लीत मिळावी, चपला पेठेत आणि हृदयाचा डॉक्टर राजधानीत. प्रत्येक वस्तूचा पल्ला वेगळा. फक्त जमीन सपाट आणि सगळीकडे सारखी धरायची. हे 'धरायची' काका इतक्या सहज म्हणतात की अरवलीही क्षणभर आडवी व्हावी.

आणि असा माणूस राहायला आला कुठे, तर चौकोनांच्या शहरात. सवाई जयसिंहाने 1727 साली आमेरच्या डोंगरातून राजधानी खाली उतरवली, विद्याधर भट्टाचार्यांनी आखणी केली आणि नऊ चौकड्यांचा, म्हणजे चौकोनी वस्त्यांचा, बेत ठरला. काकांच्या मनाला हे लागतं. जयसिंहाच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रातले मानले जातात. त्यांनी युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली. "हाताशी एवढी भूमिती होती, तरी चौकोनच काढून राहिले, राजा!" पण त्यातही काकांना एक समाधान आहे. वायव्येकडची चौकडी नाहरगडच्या डोंगराने बसू दिली नाही, तेव्हा विद्याधरांनी ती उचलून पूर्वेकडे ठेवली. म्हणजे डोंगर फक्त क्रिस्टालरलाच आडवा येतो असं नाही.

महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना शहर दाखवायची हौस काकांना दांडगी, आणि पाहुण्यांनी त्याचा धसकाच घेतलेला. हवामहलसमोर माणसं फोटो काढत असतात आणि काका महालाकडे पाठ करून समोरच्या दुकानांची रुंदी मोजत असतात. जौहरी बाजारात दुकान ताटाएवढं का, तर जागेसाठी जो जास्त भाडं देऊ शकतो तोच मध्यात टिकतो. विल्यम अलोन्सोने 1964 साली हे मांडलं. सोनं ताटात मावतं, सोफासेट मावत नाही. मग वरात मनिहारोंच्या रास्त्यावर. तिथे लाखेच्या बांगड्या, ठठेरोंच्या रास्त्यात तांब्या-पितळेचा ठोकाठोक, खजानेवालोंच्या रास्त्यात संगमरवरी देव. एकाच धंद्याची माणसं एकाच गल्लीत का बसतात, या प्रश्नावर काका थांबतात, कारण उत्तर आल्फ्रेड मार्शलचं आहे आणि मार्शल उभ्याउभ्या उरकायचा नसतो. धंद्याचं गुपित गल्लीच्या हवेतच असतं, पोरं ते न शिकता शिकतात, कारागीर आणि कच्चा माल शोधत फिरावं लागत नाही. पन्नाच घ्या. कच्चा खडा झांबियातून नाही तर ब्राझीलमधून येतो, पैलू इथे पडतात आणि तयार माल पुन्हा जगभर जातो. खाण जवळ असून उपयोग नाही, हात जवळ हवेत. ते हात जयसिंहाने जागा आणि सवलती देऊन बोलावले. आज सरकारने सीतापुऱ्यात जवाहिऱ्यांसाठी खास आर्थिक क्षेत्र काढलं, तेव्हा "नवीन काय केलं?" हा काकांचा सवाल, आणि माझ्या मते तो रास्त आहे.

हे चालू असताना काकू पाहुणीला घेऊन पुढे गेलेल्या असतात. पहिल्या दुकानात भाव विचारायचा, "शेजारी कमी सांगितला" असं म्हणून दुसऱ्यात शिरायचं, आणि तिसऱ्यात बांगड्या घ्यायच्या. एकाच गल्लीत तीस दुकानं असल्याचा ग्राहकाला काय फायदा, हे काकूंना मार्शलविना कळलेलं आहे. काका मागून येऊन म्हणतात, "पाहिलं? क्लस्टर!" काकू म्हणतात, "अहो, सुट्टे द्या."

लस्सीचा प्रकार याहून अवघड. एम. आय. रोडवर, म्हणजे दिवाण मिर्झा इस्माईलांच्या नावाच्या रस्त्यावर, लस्सीची दुकानं खेटून खेटून उभी आहेत आणि अस्सल जुनं आपलंच असा प्रत्येकाचा दावा. हॅरोल्ड हॉटेलिंगने 1929 साली दोन विक्रेत्यांची गोष्ट सांगितली होती : दोघंही दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढायला मध्याकडे सरकत जातात आणि शेवटी खांद्याला खांदा लावून उभे राहतात. राजकीय पक्षही तसेच सरकतात, हेही त्यानेच सुचवलं. काकांना हा सिद्धांत असा डोळ्यांदेखत, कुल्हडसकट सापडला. ते फुटपाथवर उभे राहून गिऱ्हाइकं मोजत राहतात. कोणती लस्सी चांगली, हे विचारू नका. त्यांनी पिऊन पाहिलेली नाही. पाहणाराच बाजारात उतरला तर निष्कर्ष बिघडतो म्हणे.

या सगळ्यावर कडी म्हणजे गणपतीच्या जागेचा प्रश्न. जयपुरातली मराठी घरं विखुरलेली : कोणी वैशालीनगरात, कोणी झोटवाड्यात, मालवीयनगरात, जगतपुऱ्यात. उत्सव कुठे करायचा यावर वाद झाला आणि कोणाच्या तरी तोंडून "काकांना विचारा" निघून गेलं. काका प्लायवूडची फळी घेऊन आले. तिच्यावर शहराचा नकाशा, प्रत्येक वस्तीच्या जागी भोक, भोकातून दोरा, दोऱ्याच्या टोकाला तिथल्या कुटुंबसंख्येइतकं वजन, आणि वर सगळे दोरे एका गाठीत बांधलेले. गाठ सोडली की जिथे स्थिरावेल तिथे सर्वांचा एकूण प्रवास सर्वांत कमी. आल्फ्रेड वेबरने कारखान्याची जागा शोधायला 1909 साली हीच युक्ती सांगितली होती. वजनं म्हणून काकूंचे तांदूळ पुड्यांत बांधलेले. आरतीला नसते एवढी शांतता सभागृहात पसरली. गाठ हलली, डगमगली आणि थेट द्रव्यवती नदीच्या पात्रात जाऊन बसली. म्हणजे जिला जुने जयपूरकर अमानीशाह नाला म्हणतात तीत.

"विसर्जनाला बरं," काकू म्हणाल्या.

उत्सव शेवटी जिथे पार्किंग होतं आणि हॉल फुकट मिळत होता तिथे झाला. काकांनी रागावण्याऐवजी त्याचाही सिद्धांत सांगितला. एकदा जागा ठरली की सवयच पुढे ती जागा धरून ठेवते. गिरण्या पुण्यात नाहीत आणि मुंबईतच का, वगैरे. हरणं हा प्रकार या माणसाला ठाऊकच नाही, कारण अंदाज चुकला तर चुकण्याचीही एक शाखा अर्थशास्त्रात असते.

एकाच ठिकाणी मी त्यांना गप्प होताना पाहिलंय. राजस्थान घडलं तेव्हा राजधानी जयपूरला मिळाली आणि समजूत काढायला उच्च न्यायालय जोधपूरला, शिक्षण खातं बिकानेरला, खाण खातं उदयपूरला गेलं. हे सांगताना काका विदर्भाची अशीच समजूत काढणाऱ्या नागपूर करारावर येतातच, आणि हिवाळी अधिवेशनाच्या हुरड्यावर तोंडसुख घेतात. वाटणी करूनही 2011 च्या जनगणनेत जयपूर 30 लाखांवर आणि जोधपूर 10 लाखांच्या आसपास; मोठं आणखी मोठं होतं आणि भोवतालची माणसं ओढून घेतं, गुन्नार मिर्डाल यालाच बॅकवॉश परिणाम म्हणतो. मंडळातल्या एका कॉलेजकुमारीने विचारलं, "काका, मग तुम्ही अमरावती का सोडली?" काकांनी चष्मा पुसला. "पोरगं इथे आलं ना," एवढंच म्हणाले. मग काही वेळाने, जरा उत्साहाने, "तोच तर बॅकवॉश परिणाम!"

यंदा मोदकांची वाटणी त्यांच्याकडे होती. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी राज्यांना केंद्राची मदत वाटायला सूत्र दिलं होतं, 1969 चं : साठ टक्के लोकसंख्येला, दहा टक्के दरडोई उत्पन्नाला, दहा करवसुलीच्या प्रयत्नांना, दहा सुरू असलेल्या पाटबंधारे-वीज प्रकल्पांना, दहा विशेष समस्यांना. काकांनी लोकसंख्येऐवजी घरातली माणसं घेतली, करवसुलीऐवजी वर्गणी. विशेष समस्येत मधुमेह टाकला, आणि मधुमेहींना जास्त द्यायचे की कमी यावर खजिनदारांशी वाद सुरू झाला. पाटबंधाऱ्याला काय धरायचं हे ठरेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या पोरांनी ताट रिकामं केलं.

जगतपुऱ्याची मंडळी नेहमीप्रमाणे उशिरा पोचली. काकूंनी खुर्चीखालून त्यांच्यासाठी वेगळा काढून ठेवलेला डबा दिला. काका वळून आमच्याकडे बघत म्हणाले, "हेच मी कधीचा सांगून राहिलो होतो."