मणीगळ

(नॉर्थ कॅरोलायना, रालेच्या बाहेरचा एक मळा. सप्टेंबरची दुपार. मुलीचे वडील निफाडचे द्राक्षबागायतदार, मुलाचे वडील तासगावचे बेदाणेवाले. दोघेही नातवाला बघायला आलेले. तो बाबागाडीत झोपलाय. सूनबाई इथंच फळझाडांवर संशोधन करते. फाटकावर पाटी : तोडा, खा, न्याल तेवढ्याचेच पैसे द्या.)

निफाडचे व्याही : घड कुठायत गं?

सूनबाई : घड नसतातच, बाबा. हे मस्कडाइन जातीचं द्राक्ष. एका देठाला चार-दहा मणी, तेही एकदम पिकत नाहीत. पिकला तो तोडायचा.

निफाडचे व्याही : एकेक मणी? अन् मजुरी कोण देतं?

सूनबाई : मोठ्या मळ्यांत यंत्रानं वेल हलवतात. पिकलेले मणी आपोआप खाली पडतात.

निफाडचे व्याही : मणीगळ! अगं, मणी गळायला लागले की आम्ही रात्री अकराला कन्सल्टंटला फोन लावतो. अन् हे मुद्दाम यंत्र आणून गळवतात?

तासगावचे व्याही : (एक तोंडात टाकून, बऱ्याच वेळानं) पाव्हणं, मी अजून साल चावतोय.

निफाडचे व्याही : थुंका, थुंका.

सूनबाई : मामंजी, तसं नाही. देठाकडची बाजू ओठांत धरा आणि दाबा. गर तोंडात येतो, साल हातात राहते.

तासगावचे व्याही : (दाबतात. दचकतात.) आयला! ताडगोळ्यागत सुळकन घशाशीच गेलं की! चव राहिली मागं, बिया पोचल्या फुडं.

निफाडचे व्याही : किती बिया?

तासगावचे व्याही : चार. एक गिळली, ती धरून.

निफाडचे व्याही : (खिशातून मणी मापायची पट्टी काढतात. परदेशी येतानाही ती आणलेली आहे.) सोळा... अठरा... वीस... बसतच नाही! पंचवीस मिलिमीटरच्या वर आहे हा. मणी फुगवायचं जीए किती वेळा दिलं?

सूनबाई : एकदाही नाही.

निफाडचे व्याही : फवारण्या?

सूनबाई : परसातल्या वेलीला लोक बहुतेक काहीच मारत नाहीत. इथल्याच रानातली जात, दमट हवेला सरावलेली. फिलॉक्सेरा किडीलाही दाद देत नाही.

निफाडचे व्याही : मग शेतकरी दिवसभर करतो काय?

तासगावचे व्याही : (दुसरा दाबत) वास बघा, पाव्हणं. पूर्वी बंगळूरकडची जांभळी द्राक्षं यायची. अशीच साल सुटायची, असाच घमघमाट.

निफाडचे व्याही : त्याला आम्ही वास मारतो म्हणतो. अहो, द्राक्षाला वास नको. वास आला की एकाला आवडतो, दुसरा पेटी परत करतो. मणी कडक पाहिजे, साल पातळ. दाताखाली कर्रकन आवाज आला पाहिजे. युरोपात तेच चालतं.

तासगावचे व्याही : म्हंजे तुम्ही आवाज विकता.

निफाडचे व्याही : (आपण मुलीकडचे, हे आठवून) तुमचंही बरोबरच आहे म्हणा. फक्त चुकीचं आहे.

(मळ्याची मालकीण येते. सूनबाईशी बोलते. हसते.)

सूनबाई : ती विचारतेय, काळी आवडली की सोनेरी? सोनेरीला स्कपरनाँग म्हणतात, त्याच नावाच्या नदीवरून. 2001 पासून राज्याचं अधिकृत फळ आहे.

निफाडचे व्याही : सरकारी होय! तरीच कुणी फवारत नाही.

सूनबाई : आणि म्हणते, साल टाकू नका. ती शिजवून ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ करतात. ती स्वतः सालीसकट खाते, तिचा नवरा साल थुंकतो. द्राक्षं खाताना दोघं एकमेकांकडे बघत नाहीत.

तासगावचे व्याही : शहाणी बाई हाय.

सूनबाई : किनाऱ्याकडे रोआनोक बेटावर एक वेल आहे. चारशे वर्षांची मानतात.

तासगावचे व्याही : म्हंजे शिवाजी महाराज जन्मले तवा ही मांडवावर?

निफाडचे व्याही : चारशे! आमची बाग पंधराव्या वर्षी म्हातारी होते. (डोळे चमकतात.) अगं, मग याचाच खुंट करू की! खाली हे, वर आपलं थॉमसन. कशाला ते डॉगरिज?

सूनबाई : सोयरीक जमत नाही, बाबा. आपल्या द्राक्षात गुणसूत्रं 38, यात 40. संकर केला तर बहुतेक वांझ निघतो आणि कलमही धड धरत नाही.

तासगावचे व्याही : दोनानं अडलं? आमच्यात छत्तिसातले अठरा जुळले की मांडव घालतात.

निफाडचे व्याही : अठरा? तुम्ही तर सव्वीस सांगितले होते!

तासगावचे व्याही : (घाईनं) सूनबाई, ह्येचा बेदाणा हुतो का गं?

सूनबाई : एवढी जाड साल, आत चार बिया. वाळल्यावर काय उरेल?

तासगावचे व्याही : दाताच्या डॉक्टरचा धंदा. आमच्याकडं व्यापारी पेटी उघडायच्या आधी पळंल.

निफाडचे व्याही : (एव्हाना डबा अर्धा रिकामा केलेला) पण गोडी आहे हं. सालीजवळ जरा आंबट, आत साखर. मीटर आणायला हवा होता, ब्रिक्स बघितला असता.

तासगावचे व्याही : अन् वास?

निफाडचे व्याही : वासाचं म्हणाल तर मी नाक धरून खातोय.

सूनबाई : आता यातही बिनबियांचं वाण निघालंय. मणी बारीक, पण चावून खाता येतात.

निफाडचे व्याही : (डबा खाली ठेवतात) निघालं? झालं मग. आज बी गेली, उद्या साल जाईल. परवा कुणीतरी म्हणेल घड पाहिजे, वास नको, मणी एकसारखे पाहिजेत. मग जीए आलं. मग डावणी, भुरीसारखे रोग, मग रात्री अकराला कन्सल्टंट. मग सगळेच लावतील आणि ऐन हंगामात भाव बसेल.

तासगावचे व्याही : बसू द्या की. बेदाणा करू.