आमटीतलं पाणी

आजाऱ्याला भेटायला जायचं तर हातात शहाळं हवं, हा आपला शिरस्ता. शहाळं दारातूनच परत पाठवणारा आजारही असतो, हे आमच्या आळीला अण्णांच्या मूत्रपिंडांनी शिकवलं. डाएटिशियन मॅडम म्हणजे जेमतेम पंचविशीची मुलगी. पण तिनं आवाज न चढवता सगळी सज्जन मंडळी तडीपार केली: शहाळं, केळं, चिकू, संत्रं. आरोप एकच, पोटॅशियम. थकलेल्या मूत्रपिंडांना ते पुरेसं बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात साचलं की हृदयाचा ठेकाच चुकतो. गुन्हा एवढा गंभीर, आणि आरोपी सत्यनारायणाच्या प्रसादातले!

माईंना लागलं ते बटाट्याचं. सोलायचा, बारीक चिरायचा, कोमट पाण्यात भिजवायचा, भरपूर पाण्यात उकडायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं. ‘भाजीचं पाणी फेकू नये, सगळं सत्त्व त्यातच,’ हे सासूकडून ऐकत त्यांचा संसार झाला. आता ते सत्त्व मोरीत ओतताना, जुनी पत्रं बंबात घालणाऱ्या माणसासारख्या त्या क्षणभर थबकतात. पुतण्यानं कौतुकानं कमी सोडियमचं महागडं मीठ आणलं, तर मॅडमनी पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचली: पोटॅशियम क्लोराइड. पुडा आला तसा गेला.

डायलिसिसपूर्वी ‘वरण बेतानं’ म्हणणारी हीच मुलगी डायलिसिस सुरू झाल्यावर ‘प्रथिनं वाढवा, अंड्यातलं पांढरं खा’ म्हणू लागली. प्रथिनांचा काही अंश त्या यंत्रातून निघून जातो म्हणे. अण्णांनी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. त्यांनी माईंकडे पाहिलं, माईंनी देवघराकडे.

खरी लढाई पाण्याची. प्रत्येकाचं माप निराळं, पण चहा, ताक, बर्फाचा खडा, सगळं त्यातच धरायचं. अण्णा निवृत्त हिशेबनीस. त्यांनी वही घातली आणि पहिलाच आक्षेप नोंदवला, “आमटी जेवणात की पिण्यात?”

“पिण्यात, काका.”

“आमच्याकडे तशीच दाट असते.” हे सांगताना त्यांनी माईंकडे पाहायचं टाळलं.

परवा मॅडम वही तपासत होत्या. “काका, रविवारी चार वेळा चहा?”

“तीनच घेतले. चौथा पाहुण्यांचा.”

“मग तो का लिहिलात?”

“वास घेतला ना, पोरी.”

मॅडमनी पेन काढलं आणि चौथ्या चहापुढे गंभीरपणे शून्य मिलिलिटर लिहिलं.