ग्रिपधारी

मंगल कार्यालयात कॅमेरावाले चार असले तरी त्यांतला मुख्य कोण हे वरमाईला सांगावं लागत नाही. ज्याचा कॅमेरा खालच्या बाजूने दोन इंच जास्त वाढलेला, तो मुख्य. ही वाढ म्हणजे बॅटरी ग्रिप: कॅमेऱ्याच्या तळाशी स्क्रूने आवळायची एक पेटी, जिच्यात दोन बॅटऱ्या मावतात आणि कॅमेरा उभा धरल्यावर बोटाखाली येईल असं शटरचं आणखी एक बटण असतं. ती लावून फिरणारा तो ग्रिपधारी. त्याच्या जाकिटाला गरजेपेक्षा चार खिसे जास्त असतात. चहा घ्यायला बसला की तो कॅमेरा टेबलावर अशा बेताने ठेवतो, की शेजारच्याने 'केवढ्याचा हो?' असं विचारल्याशिवाय राहू नये. ग्रिप कशाला, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: बॅटरी पुरते, स्पीड वाढतो, उभ्या फोटोला बरं पडतं. ही तिन्ही कारणं माहितीपत्रकात छापलेली असल्यामुळे तो ती न अडखळता सांगतो. यातलं एकच आज धडधाकट आहे आणि ग्रिप घेण्याचं खरं कारण या तिघांत नाहीच, असं माझं म्हणणं आहे. ते चौथं कारण तो लाजेखातर सांगत नाही. वास्तविक लाजण्यासारखं त्यात काही नाही.

कॅमेऱ्याच्या पोटाखाली काहीतरी जोडायची सवय जुनी आहे आणि ती गरजेतून लागली. रोलच्या जमान्यात प्रत्येक फोटोनंतर अंगठ्याने लिव्हर ओढून रोल पुढे सरकवावा लागे. हे काम यंत्राने करावं म्हणून मोटर ड्राइव्ह आली. १९८० सालच्या निकॉन एफ३ला जोडायच्या एमडी-४ या मोटर ड्राइव्हमध्ये आठ पेन्सिल सेल भरावे लागत. ज्याच्या कॅमेऱ्याखाली ठोकळा तो वर्तमानपत्राचा किंवा मोठ्या स्टुडिओचा, अशी समजूत तेव्हाच पक्की झाली. पुढे रोल गेला आणि मोटर बेकार झाली, पण ठोकळा काही गेला नाही. १९९९चा निकॉन डी१ आणि २००१चा कॅनन ईओएस-१डी यांनी तर त्याला कॅमेऱ्याच्या अंगातच सामावून घेतलं. हे कॅमेरे तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओवाल्याला स्वप्नातसुद्धा परवडणारे नव्हते. मात्र मधल्या किमतीच्या कॅमेऱ्याला ग्रिप लावली, की दहा फुटांवरून पाहणाऱ्याला दोहोंतला फरक कळत नाही. लग्नात पाहुणे साधारण दहा फुटांवरच असतात.

आता बॅटरीचं पाहू, कारण ग्रिपधारी पहिलं नाव तिचंच घेतो. २००८चा कॅनन फाइव्ह-डी मार्क टू एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीनुसार साधारण ८५० फोटो काढत असे, आणि ही चाचणी कंजूष असते. प्रत्यक्षात सलग फोटो काढणाऱ्याला याच्या कितीतरी जास्त मिळतात. म्हणजे ग्रिप घरोघरी पोचली त्या काळात बॅटरीची तंगी फारशी नव्हतीच. खरी तंगी आली ती मिररलेससोबत. २०१३चा पहिला सोनी ए-सेव्हन साडेतीनशेच्या आत दम टाकायचा आणि हळदीतच त्याच्या पडद्यावर लाल खूण दिसू लागायची. पण २०१८च्या ए-सेव्हन थ्रीने नव्या बॅटरीवर तो आकडा सातशेच्या पुढे नेला आणि ही तक्रारही निकालात निघाली. यावर ग्रिपधाऱ्याचा आक्षेप असा: ऐन मुहूर्ताला बॅटरी संपली तर? आक्षेप गंभीर आहे, पण आपल्या लग्नांना लागू नाही. मुहूर्त पत्रिकेत छापलेला असतो. त्याआधी मंगलाष्टकं असतात, आणि दोन्हीकडच्या मावश्यांनी स्वतः रचलेली म्हणायला घेतली, की तेवढ्या वेळात बॅटरी बदलून, लेन्स पुसून, पंगतीत काय आहे त्याची चौकशीही करून येता येतं. बॅटरी बदलायला अर्धं मिनिट लागतं. आडगावातल्या लोडशेडिंगचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. चार्जरच निकामी झाला, तर कित्येक ग्रिपमध्ये पेन्सिल सेलचा साचा बसतो आणि सेल किराणा दुकानात मिळतात. ते फार टिकत नाहीत, पण वरात निभावते. तरीही या मुद्द्यावरचा सगळ्यात बोलका पुरावा ग्रिपच्या आतच असतो. बहुतेक ग्रिप एका बॅटरीवरही चालतात, आणि ग्रिपधाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा दुसरा कप्पा रिकामा असतो. दुसरी बॅटरी महाग पडते, हे त्याचं कारण. बॅटरीसाठी घेतलेल्या वस्तूत बॅटरी नसावी, यातच काय ते आलं.

स्पीडचं प्रकरण लवकर आटपतं. निकॉन डी७०० सेकंदाला पाच फोटो काढायचा आणि ग्रिपमध्ये योग्य बॅटरी घातली की आठ, हे खरं आहे. डी८५०सुद्धा सातावरून नऊवर जातो, पण त्यासाठी ग्रिपबरोबर मोठ्या कॅमेऱ्याची बॅटरी, तिचं झाकण आणि तिचा चार्जर असं सगळं वेगळं विकत घ्यावं लागतं. नेहमीची बॅटरी घातली तर सातचे सातच. इतर बहुतेक कॅमेऱ्यांचा वेग ग्रिपने तसूभरही वाढत नाही. शिवाय भिगवणला रोहित पक्षी उडताना दोन फोटो जास्त मिळाले तर समजू शकतं. रिसेप्शनच्या रांगेत पाकीट देणारे काका सेकंदाला पाच या हिशेबानेही पुरून उरतात.

उभ्या फोटोच्या बाबतीत मात्र ग्रिपधाऱ्याला नमस्कार करायला हवा. ग्रिपशिवाय कॅमेरा उभा धरला की उजवा हात वर जातो आणि कोपर हवेत राहतं. अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी स्टेजवर मामा, करवल्या, भटजी आणि मोबाइल उंचावलेले दहाबारा नातेवाईक असतात. अशा गर्दीत ते कोपर कुणाच्या तरी नाकाला लागतं, किंवा कुणाचा तरी धक्का त्या कोपराला लागतो आणि फोटो हलतो. ग्रिपवरच्या दुसऱ्या बटणामुळे दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकतात, मनगट वळत नाही आणि तासन्‌तास उभ्या फ्रेम काढता येतात. पुढे सत्तर-दोनशेसारखी वजनदार लेन्स असेल तर मागे ग्रिपचा तोल मिळतो. छोट्या मिररलेसवर लोंबकळणाऱ्या करंगळीलाही आसरा मिळतो. यावर कुणी म्हणेल की लग्नाचा अल्बम तर बारा बाय छत्तीस इंचांचा, आडवाच्या आडवा. उभे फोटो हवेतच कुणाला? पण त्या एका आडव्या पानावर तीनचार उभे नवरानवरी ओळीने बसवलेले असतात, आणि मोबाइलच्या स्टेटसने तर उभ्या फ्रेमचं राज्यच आणलं आहे. दुसऱ्या बटणाचं मोल किती, हे निकॉनच्याच एका प्रकाराने सिद्ध झालं. झेड-सिक्स आणि झेड-सेव्हनसाठी कंपनीने जो पहिला बॅटरी पॅक काढला त्यावर शटरचं बटणच नव्हतं. लोकांनी एवढी बोंब मारली म्हणता! पुढच्या पिढीच्या पॅकवर बटण मुकाट्याने आलं.

पण फक्त कोपरासाठी माणूस हजारो रुपये मोजतो, यावर माझा विश्वास नाही. वधूपित्याच्या बाजूने विचार करा. फोटोग्राफर चांगला की वाईट हे अल्बम आल्यावर कळणार, आणि अल्बम कधी येतो ते सांगायला नको. काही घरांत तो बारशाच्या आसपास पोचतो. ॲडव्हान्स मात्र आधी द्यायचा असतो. मांडवातल्या व्याह्यांसमोर 'आमचा फोटोग्राफर' म्हणून मिरवायचं असतं तेही त्याच दिवशी. म्हणजे पारख करायची तेव्हा फोटो हातात नसतो, हातात असतो तो फक्त कॅमेऱ्याचा आकार. वकिलाचा काळा कोट खटला जिंकून देत नाही, पण कोटाशिवाय अशील बोलणीच करत नाही. त्यात आता प्रत्येकाच्या खिशात चांगला कॅमेरा असलेला फोन आहे. आत्याचे यजमान फोन घेऊन थेट होमकुंडाशी जातात, आणि त्यांना 'जरा बाजूला' म्हणण्याचा अधिकार फोनपेक्षा ठळकपणे मोठ्या यंत्रालाच मिळतो. छोटा मिररलेस घेतलेल्या निष्णात फोटोग्राफरला तेच यजमान 'तुमचे कोण लग्नात?' असं विचारतात. याला कुणी देखावा म्हणेल. म्हणू दे. ज्या धंद्यात माल नंतर मिळतो त्यात देखावा हा मालाचाच भाग असतो. नव्या पिढीची कँडिड मंडळी ग्रिपला हसतात, हेही खरं आहे. ही मंडळी खांद्यावर चामड्याचे पट्टे आवळून दोन बाजूंना दोन कॅमेरे लटकवून फिरतात आणि त्यांतला एक बराच वेळ नुसताच लटकलेला असतो. ग्रिप हरली असं मला यावरून वाटत नाही. ती कॅमेऱ्याखालून खांद्यावर गेली, इतकंच.

या रुबाबाची किंमत मात्र मान चुकवते. रिकामी ग्रिपसुद्धा बहुधा पाव किलोच्या वर भरते, वर बॅटऱ्या वेगळ्या, आणि सकाळच्या साखरपुड्यापासून रात्रीच्या रिसेप्शनपर्यंत हे सगळं एका पट्ट्यावर असतं. बॅगेतला कप्पा पुरत नाही. रात्री कार्यालयाच्या खोलीत एकच सॉकेट असतो, तिथे मोबाइलांच्या गर्दीत दोन बॅटऱ्या आळीपाळीने चार्ज करत बसावं लागतं. स्वस्तातली ग्रिप असेल तर स्क्रू हळूहळू सैल होतो, संपर्काचे पिन कुरकुरतात आणि भर सप्तपदीत कॅमेरा डोळे मिटतो. ट्रायपॉडवर सगळं एका सांध्यावर डुलतं ते निराळंच. सगळ्यात मोठी पंचाईत व्हिडिओची. हल्ली गिऱ्हाइकाला रील हवी असते, रीलला गिंबल लागतो, आणि ग्रिप लावलेला कॅमेरा गिंबलवर एकतर बसत नाही किंवा तोलत नाही. तेव्हा ग्रिप काढा. आता, कॅननच्या कित्येक कॅमेऱ्यांना ग्रिप जोडताना बॅटरीचं मूळ दार उपटून काढावं लागतं. ते ठेवायला ग्रिपमध्येच खाच दिलेली असते, पण ग्रिपधाऱ्याने ते पहिल्या दिवशी कौतुकाने खोक्यात ठेवलेलं असतं आणि खोकं दिवाळीच्या साफसफाईत गेलेलं असतं. काही कॅमेरे तर दाराशिवाय चालूच होत नाहीत. मग तो फोर्टातल्या बोरा बझारात नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या दारासाठी घासाघीस करत उभा राहतो. दुकानदार दार काही स्वस्त देत नाही, पण 'नव्या मॉडेलची ग्रिप आलीय, बघता?' असं विचारतो, आणि तो बघतो.